जुळवलेले इंजिन

आजच्या बिहारमधील जमालपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेने १८६२ मध्ये कारखाना उघडला, तो दुरुस्तीसाठी. नवी इंजिने विलायतेहून समुद्रमार्गे येत. म्हणून येथे निकामी इंजिनांचे धड राहिलेले भाग उतरवून त्यांतून दुसरे इंजिन जुळवले जाई. हे काम सोपे नव्हे. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या सिलिंडरात सैल बसला तर वाफ निसटून जोर जातो. घट्ट बसला तर तो अडकतो. मापे घेणे, कानस चालवणे, पुन्हा बसवून पाहणे यांतच कारागीर घडले. तेथे तांत्रिक शाळा निघाली १८८८ मध्ये. म्हणजे हात आधी शिकले, वर्ग नंतर भरले! १८९९ मध्ये याच कारखान्याने स्वतः घडवलेले इंजिन बाहेर पडले. त्याला नाव मिळाले ‘लेडी कर्झन’, व्हाइसरॉयच्या पत्नीचे. कानस चालवणाऱ्यांपैकी कोणाचेही नव्हे.