गोड सुपारी, पानमसाला आणि पानाचा एसेन्स : कायद्याने काय चालतं, काय नाही

आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आलं की पुढे महाडपर्यंत कुठल्याही गावचा वालिमा बघा. जेवण उरकलं की तबक फिरतं. त्यात बडीशेप, खडीसाखर आणि गोड सुपारीच्या रंगीत पुड्या असतात. मोठी माणसं एखादी उचलतात, पोरं मूठभर नेतात. तंबाखू नाही ना, मग काय बिघडलं, असं घरोघरी म्हटलं जातं. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

महाराष्ट्रात गुटखा-पानमसाल्यावर पहिली बंदी २००२ साली आली. ती सुप्रीम कोर्टात २००४ मध्ये टिकली नाही. पुढे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला. त्याच्या कलम ३० प्रमाणे राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त लोकांच्या आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष बंदी घालू शकतात. त्या अधिकाराने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाला बंद झाला. २०१३ च्या आदेशात सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा आणि खर्राही आला. मुदत वर्षाचीच, म्हणून आदेश दरवर्षी नव्याने निघतो. "बंदीची मुदत संपली" असं दुकानदार सांगू लागला तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

साध्या सुपारीवर मात्र बंदी नाही. श्रीवर्धनचा रोठा तर आपल्याच जिल्ह्याचा, त्यावर कित्येक बागायतदारांची घरं चालतात. पण खरं ते सांगायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करणारी ठरवली आहे. तिच्यातल्या अरेकोलिनसारख्या द्रव्यांमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं. घरी पाहायचं असेल तर मुलाला स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरला दाखवा. ताठ झालेली कातडी सहसा पूर्ववत होत नाही.

मग सुगंधाचा काय दोष? केवडा, गुलाब, वेलची, मेंथॉल हे एकेकटे विष नव्हेत. पण सुपारीचा तुरटपणा त्यांनी झाकला जातो आणि सहा वर्षांचं पोरही ती गोळीसारखी चघळतं. गोडीसाठी सॅकरिन असतं. २०११ च्या केंद्रीय नियमांत सुपारीला त्याची मर्यादा दहा लाख भागांत ४००० भाग अशी होती. आमच्या मते ही सूट मुळातच फार सैल. कोकणच्या दमट हवेत सुपारीला बुरशीही लागते, आणि जुनाट मालाचा वास अत्तराखाली सहज दबतो.

स्वादाच्या द्रव्यांनाही बंधनं आहेत. सॅफ्रोल, कुमारिन, थुजोन अशी काही द्रव्यं स्वाद म्हणून वापरायला देशात मनाई आहे. डायएथिलीन ग्लायकॉल हे द्रावक म्हणून चालत नाही. स्वाद नैसर्गिक की कृत्रिम, हे वेष्टनावर लिहावं लागतं.

पान-कुल्फी, पान-आइस्क्रीम यांचा प्रश्न वेगळा. त्यात पानाचा अर्क किंवा कृत्रिम एसेन्स असतो, सुपारी बहुतेक वेळा नसते. तरी घटकांची यादी वाचा. एसेन्समधल्या द्रावकात अल्कोहोल असू शकतं. ज्यांना हलालची खात्री हवी त्यांनी नुसत्या हिरव्या ठिपक्यावर न जाता हलाल प्रमाणपत्र बघावं किंवा कंपनीला विचारावं. तो ठिपका फक्त शाकाहारी एवढंच सांगतो.

आखातात जाणाऱ्या भावांच्या बॅगेत अशा पुड्या टाकू नका. दुबईत पान विकणं हा गुन्हा आहे, आणि कस्टमला पुडीवरची मराठी समजावत बसायची वेळ कशाला आणायची?

बंदी असलेला माल दिसला तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. एखाद्या पदार्थाची शंका असेल तर कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरून सरकारी विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र नमुना तपासायला देणार आहोत, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. बिल जपून ठेवा.