जुना जोड आणि योग्य पाना : शहादा परिसराच्या संदर्भात हातपंप-दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा धरणे, पाटबंधारे, दुष्काळ आणि शासकीय योजना यांच्या आधाराने झाले आहे. हे पाणी ज्या नळीतून वर येते ती नळी, तिचे जोड आणि तो जोड उघडणारे हत्यार यांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात हातपंप बंद पडला, तर पुढचा प्रश्न पाण्याचा नसतो. विंधन विहिरीत पाणी असतेच. प्रश्न असतो तो दहा-पंधरा वर्षे एकमेकांत रुतून बसलेले लोखंडी जोड कोण, कशाने आणि किती दिवसांत सैल करणार, हा. प्रस्तुत लेखात हातपंपाच्या पाईपजोडाचा आणि तो उघडण्याच्या हत्यारांचा इतिहास तपासला असून, हत्याराच्या निवडीने दुरुस्तीची व्यवस्थाच कशी घडवली, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

आटे आणि पाना : पूर्वपीठिका

मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मिळू लागले, तेव्हा मोठ्या जलवाहिन्या बिडाच्या होत्या. एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवून मधल्या फटीत ताग ठासावयाचा आणि वर वितळलेले शिसे ओतावयाचे, ही त्या काळची पद्धत. असा जोड फिरवून उघडत नाही. शिसे काढावे लागते. आट्यांचा जोड आला तो मुख्यतः घरगुती जोडणीच्या लहान नळांबरोबर. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांच्या एकसारख्या मापाचा प्रस्ताव मांडला. त्यातील ५५ अंशांचा कोन पुढे ब्रिटिश पाईप-आट्यांत आला आणि भारतीय मानकांनीही तोच स्वीकारला. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, पण पाईपच्या आट्यांनी इंच सोडला नाही. आजही कागदावर ३२ मिलिमीटर असलेला पाईप दुकानात ‘सव्वा इंची’ म्हणूनच मागितला जातो आणि मिस्त्री बारीक माप ‘सुतात’ सांगतो.

गोल पाईपला पकडण्यासाठी कोपरे नसतात. चौकोनी वा षट्कोनी नटाला बसणारा साधा पाना येथे निरुपयोगी ठरतो. अमेरिकेतील वॉलवर्थ कंपनीत काम करणाऱ्या डॅनियल स्टिलसन या कारागिराने १८६९-७० मध्ये ज्या पान्याचे पेटंट घेतले, त्याने ही अडचण सोडविली. त्याच्या वरच्या जबड्याला मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली असते. दांडा ओढला की जबडा किंचित कलतो आणि दाते पाईपमध्ये रुततात. जितका जोर अधिक, तितकी पकड घट्ट. आपल्याकडील कारागीर ज्याला ‘पाईप पाना’ म्हणतात तो हाच. मात्र त्याच्या या गुणातच त्याचा दोष दडलेला आहे. त्याचा विचार पुढे येईल.

सोलापूर, जालना आणि मार्क-दोन

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खडकाळ भागात विंधन विहिरी खणण्याचे काम यंत्रांनी वेगाने होऊ लागले. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने त्याला गती दिली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापनाही त्याच वर्षीची. तथापि या विहिरींवर बसविलेले पंप मूळचे एका कुटुंबाच्या वापरासाठी बेतलेले, बिडाचे होते. शेकडो माणसांनी दिवसभर हापसल्यावर ते टिकणे शक्यच नव्हते. १९७४ च्या सुमारास युनिसेफने केलेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले, असे या विषयावरील लेखनात वारंवार नमूद केले जाते.

या अपयशावरचा तोडगा महाराष्ट्रातच तयार होत होता. जालना आणि सोलापूर येथील स्वयंसेवी, चर्चसंबद्ध कार्यशाळांमध्ये पंपाच्या डोक्याची नवी रचना आकाराला आली. सोलापूर पंपात दांडा एकाच आसावर फिरतो आणि साखळीच्या साहाय्याने सळई सरळ वर ओढली जाते. याच कल्पनेवर ‘इंडिया मार्क-दोन’ हा पंप बेतला गेला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे उत्पादन सुरू झाले आणि १९७९ मध्ये त्यासाठी भारतीय मानक ठरले. पुढील दशकात देशभर असे लाखो पंप बसले.

मार्क-दोनच्या यशाची चर्चा करताना त्याच्या वरच्या भागाचीच स्तुती होते. खालच्या भागाबाबत रचनाकारांनी वेगळा, व्यवहारी निर्णय घेतला होता. बाजारात सहज मिळणारा ३२ मिलिमीटरचा जस्तलेपित पाईप, तीन-तीन मीटरचे तुकडे, दोन्ही टोकांना आटे आणि मध्ये सॉकेट. नवे काही शोधावयाचे नाही, हे त्यामागचे शहाणपण. पण पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमधील चामड्याचा वॉशर झिजला की तो बदलण्यासाठी संपूर्ण सर वर काढावा लागे. तीस मीटर खोलीवर सिलिंडर असेल तर दहा पाईप आणि तितक्याच सळया. पाईप, सळया, सिलिंडर आणि आत अडकलेले पाणी मिळून हे वजन दीडशे किलोच्या आसपास जाते. काही रुपयांच्या वॉशरसाठी दहा जुने जोड उघडणे, हा या पंपाचा खरा देखभाल खर्च होय.

जुना जोड सैल करण्याचे तंत्र

या ठिकाणी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व सामाजिक प्रश्न येथूनच उद्भवतात.

पाईपच्या टोकावरील आटे किंचित निमुळते असतात. सोळा एकक लांबीमागे व्यासात एक एकक इतका हा उतार. त्यामुळे पाईप सॉकेटमध्ये पाचरीसारखा बसतो. जोडताना कारागीर आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा लावतो. सफेद्यातील जवसाचे तेल कालांतराने दगडासारखे घट्ट होते. त्यावर गंज चढतो, आणि पाणी जड असेल तर चुन्याचा थरही बसतो. असा जोड उघडताना खरा विरोध पहिल्या पाव फेऱ्यापर्यंतच असतो. पाचर एकदा सुटली की उरलेले आटे तुलनेने सहज फिरतात. म्हणजेच आवश्यक असतो तो दीर्घ काळ लावलेला जोर नव्हे, तर एका क्षणी नेमक्या जागी दिलेला मोठा पीळ.

हा पीळ दांड्याच्या लांबीवर अवलंबून असतो. तोच हात अठरा इंची पान्याऐवजी छत्तीस इंची पान्यावर लावला तर पीळ दुप्पट होतो. म्हणूनच अनेक मिस्त्री लहान पान्याच्या दांड्यात पाईपचा तुकडा घालून लांबी वाढवितात. ही युक्ती कामाची वाटते, पण पान्याचा जबडा तेवढ्या पिळासाठी बनविलेला नसतो. तो तडकतो किंवा निसटतो. विंधन विहिरीच्या तोंडावर पाना निसटणे ही साधी गोष्ट नाही. खालचा सर ज्या पकडीने धरला आहे तीही सुटली, तर पाईप, सळया आणि सिलिंडर सगळेच विहिरीत जातात. ते बाहेर काढता आले नाहीत, तर विहीर कायमची निकामी होण्याची भीती असते. योग्य मार्ग मोठा पाना घेण्याचा, आणि तोही एक नव्हे, दोन : एकाने सॉकेट रोखून धरावयाचे, दुसऱ्याने पाईप फिरवावयाचा. एकाच पान्याने केलेला प्रयत्न बहुधा भलताच, खालचा जोड सैल करतो.

पाईप पान्याचा मघाशी उल्लेखिलेला दोष येथे दिसतो. त्याचे दाते जस्ताचा लेप ओरबाडतात. जेथे लेप गेला तेथे गंज धरतो, आणि ती जागा नेमकी जोडाच्या शेजारची असते. म्हणजे आज जोड उघडणारे हत्यारच उद्याचा जोड अधिक घट्ट करून ठेवते. पाईपची भिंत गंजून पातळ झाली असेल, तर दोन जबड्यांमध्ये ती चेपण्याचाही धोका असतो. अशा वेळी साखळीचा पाना अधिक उपयुक्त ठरतो, कारण साखळी पाईपच्या घेराला वेढून दाब बराचसा वाटून देते. मात्र जोर बेताने लावावा लागतो. सॉकेटच्या बाह्य व्यासाला बेतलेला ठरावीक मापाचा पाना सर्वांत कमी इजा करतो, पण तो एकाच मापाला चालतो आणि सॉकेट गंजून फुगले की बसत नाही. सळयांचे जोड षट्कोनी असतात. तेथे साधे दोन पानेच वापरावयाचे. पाईप पाना लावून षट्कोनाचे कोपरे गोल करून टाकण्याची चूक मात्र सर्वत्र आढळते.

हत्याराआधीची तयारीही हत्याराइतकीच महत्त्वाची. जोडावर रॉकेल वा डिझेल सोडून काही तास थांबणे, सॉकेटच्या एका बाजूस वजनदार हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने हलके ठोके देणे, त्यानंतरच पाना लावणे, हा अनुभवी जोडाऱ्याचा क्रम आहे. यातले काहीच न साधल्यास सॉकेटला करवतीने उभा छेद देऊन ते उकलता येते. सॉकेट स्वस्त असते, पाईप महाग. घाईच्या कामात नेमके उलटे घडते आणि पाईपच कापला जातो.

हत्यार कोणाच्या हाती

मार्क-दोनच्या देखभालीसाठी तामिळनाडूत १९७० च्या दशकात त्रिस्तरीय पद्धत सुरू झाली आणि ती नमुना म्हणून इतरत्र पोहोचली. गावात एक पंपरक्षक, गटपातळीवर यांत्रिक, आणि जिल्हापातळीवर वाहनासह फिरते पथक. या रचनेचे वर्णन प्रशासकीय श्रेणीरचना म्हणून केले जाते. वास्तविक ती हत्यारांची वाटणी होती. पंपरक्षकाच्या हाती वंगण आणि नट आवळण्याचे पाने. मोठे पाईप पाने, सर धरून ठेवणारी पकड आणि पाईप उचलण्याची साधने पथकाच्या गाडीत. परिणामी जमिनीवरचा बिघाड गावात सुटे आणि जमिनीखालचा बिघाड गाडीची वाट पाही. बंद पंपाकडे पाहून गावकऱ्यांना दिसत असलेली दिरंगाई केवळ कर्मचाऱ्यांच्या अनास्थेतून आलेली नव्हती. ती पाईपच्या वजनात आणि जोडाच्या घट्टपणात आधीच ठरून गेलेली होती.

या रचनेला पर्याय शोधले गेले. राजस्थानात तिलोनिया येथील संस्थेने गावातील तरुणांनाच पूर्ण दुरुस्तीचे शिक्षण देऊन ‘हातपंप मिस्त्री’ तयार केले. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी महिला समाख्या कार्यक्रमातून ग्रामीण स्त्रिया, त्यांतील अनेक दलित व आदिवासी, हे काम शिकल्या. पाईप वर काढणे हे पुरुषी ताकदीचे काम, ही समजूत त्यांनी मोडली, कारण जोर लांब दांड्याचा असतो, दंडाचा नव्हे. तांत्रिक बाजूने उत्तर आले ते मार्क-तीनच्या रूपाने. १९८० च्या दशकात कोइमतूर परिसरात त्याच्या चाचण्या झाल्या. यात पाईप अडीच इंची केला गेला, जेणेकरून झिजलेला वॉशर सळयांसह आतूनच वर काढता यावा आणि पाईपचे जोड उघडावेच लागू नयेत. हत्याराचा प्रश्न हत्याराने न सोडविता रचनेने सोडविण्याचे हे चांगले उदाहरण. पण रुंद पाईप महाग आणि जड असल्याने, आणि मार्क-दोन आधीच लाखोंनी बसलेला असल्याने, मार्क-तीन त्याची जागा घेऊ शकला नाही.

शहादा परिसर

शहादा तालुक्याची रचना या चर्चेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. दक्षिणेस तापीचे गाळाचे सपाट खोरे, उत्तरेस सातपुड्याचा बेसाल्टचा डोंगराळ पट्टा. गाळाच्या मैदानात विहिरी, नलिकाकूप आणि विद्युत पंपांवरची बागायती शेती आहे. अशा गावांत शेतकऱ्यांचे पाणबुडी पंप वर काढणारे मिस्त्री हिंडत असतात. तीन पायांची घोडी, साखळी-कप्पी आणि मोठे पाने हा त्यांचा नेहमीचा सरंजाम. शेतीच्या निमित्ताने गावात आलेले हे कौशल्य सार्वजनिक हातपंपालाही उपयोगी पडू शकते. अक्राणी व अक्कलकुवा या डोंगरी तालुक्यांतील पाड्यांवर असे खासगी कौशल्य विरळ. तेथे भिस्त जिल्हा परिषदेच्या पथकावरच अधिक. एकच पंप, एकच पाईप आणि एकच जोड असूनही मैदान आणि डोंगर यांत पंप बंद राहण्याचा काळ वेगळा का असावा, याचे एक स्पष्टीकरण येथे मिळते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत या सर्व भागाचे मुख्यालय तापीपलीकडे धुळ्याला होते, ही बाबही विसरून चालणार नाही. जिल्हापातळीवरच्या गाडीला किती अंतर कापावे लागे, याचा अंदाज त्यावरून यावा.

दरम्यान पाईपच बदलत गेला. शेजारच्या जळगावात १९८० च्या दशकापासून पीव्हीसी पाईपचे मोठे उत्पादन उभे राहिले आणि खानदेशातील शेतात लोखंडी पाईपची जागा प्लास्टिकने घेतली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमधून घरोघरी जे नळ आले, त्यांच्या वाहिन्याही बव्हंशी प्लास्टिकच्या आहेत. पीव्हीसीचा जोड चिकट द्रावणाने सांधला जातो, तर एचडीपीईचा जोड बहुधा उष्णतेने वितळवून. आट्यांवर बसणारा जोड त्यात नळाच्या तोटीपाशी, झडपेपाशी आणि मीटरपाशी तेवढा उरतो. बाकी जोड गळू लागला तर पाना काही कामाचा नाही. तेवढा तुकडा करवतीने कापून नवा बसवावा लागतो. विंधन विहिरींवरचे जुने मार्क-दोन मात्र अनेक गावांत अजून उभे आहेत, आणि त्यांच्या खालचे सव्वा इंची पाईप पूर्वीसारखेच दोन पान्यांनी, पाव फेऱ्याच्या त्या पहिल्या झटक्याने उघडतात.