विकलेले घोडे, विकत घेतलेले घोडे आणि पुन्हा घर मिळालेले घोडे : कैरो ते पागेचा करार

#थ्रेड #इतिहास

१/
कैरो, १९३०. ब्रिटिश घोडदळाच्या ब्रिगेडचे प्रमुख म्हणून जेफ्री ब्रुक इजिप्तमध्ये रुजू झाले. सोबत त्यांच्या पत्नी डोरोथी ब्रुक होत्या. शहराच्या रस्त्यांवर दगड, वाळू आणि माणसे वाहणारी जनावरे त्यांना दिसू लागली. त्यांत काही घोडे वेगळे होते. स्थानिक घोड्यांपेक्षा उंच, हाडापेराने मोठे, आणि आता केवळ हाडेच उरलेले.

२/
अशा कित्येक घोड्यांच्या कातडीवर डाग देऊन उमटवलेली एक खूण होती : रुंद पात्याचा बाण. ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. याचा अर्थ उघड होता. हे पहिल्या महायुद्धात लढलेले घोडे होते. युद्ध संपून बारा वर्षे झाली होती आणि ते अजूनही गाडीला जुंपलेले होते.

३/
हिशेब करून पाहावा. १९१८ साली आठ वर्षांचा असलेला घोडा १९३० साली वीस वर्षांचा झाला. चांगल्या निगराणीतला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. पण कष्टाच्या कामातून त्याला त्याआधीच सोडावे लागते. हे घोडे मात्र पांगळे, कित्येकदा आंधळे होऊनही ओझी ओढत होते. ते तेथे पोहोचले कसे?

४/
त्यासाठी १९१९ मध्ये जावे लागेल. महायुद्ध हे यंत्रांचे युद्ध म्हणून ओळखले जाते, पण ते जनावरांच्या पाठीवरही लढले गेले. १९१७ च्या सुमारास ब्रिटिश सैन्याकडे घोडे आणि खेचरे मिळून आठ लाखांवर जनावरे होती. तोफा, दारूगोळा, पाणी, जखमी सैनिक या सगळ्यांची ने-आण त्यांच्यावर अवलंबून होती.

५/
पॅलेस्टाईनच्या आघाडीवर घोडदळाला विशेष महत्त्व आले. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी ऑस्ट्रेलियन लाइट हॉर्सने बीरशेबा जिंकले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या लान्सर्सनी हैफा घेतले. पुणेकरांना नावाने परिचित असलेली ‘पूना हॉर्स’ ही रेजिमेंटही फ्रान्सनंतर याच आघाडीवर होती.

६/
ऑस्ट्रेलियातून आलेल्या घोड्यांना ‘वेलर’ म्हणत. न्यू साऊथ वेल्स या प्रांतावरून हे नाव पडले. काटक, कमी पाण्यावर तग धरणारी ही जात. भारतातील ब्रिटिश फौजेसाठी वेलर घोडे एकोणिसाव्या शतकापासूनच जहाजाने येत असत. वाळवंटातील मोहिमेत या घोड्यांनी नाव कमावले.

७/
मग युद्ध संपले आणि प्रश्न उभा राहिला : आता या घोड्यांचे काय करायचे? जहाजे कमी होती, सैनिकांनाच घरी जाण्यासाठी वाट पाहावी लागत होती. त्यात ऑस्ट्रेलियाने रोगप्रसाराच्या भीतीने घोडे परत घेण्यास नकार दिला. खर्च हे कारण तर होतेच.

८/
ऑस्ट्रेलियन फौजेकडे सुमारे १३,००० घोडे शिल्लक होते. त्यांपैकी सुमारे ११,००० विकले गेले. त्यातले बहुतेक भारतातील ब्रिटिश फौजेकडे. उरलेले सुमारे २,००० वय किंवा व्यंग यांमुळे निकालात काढण्यात आले. अशा घोड्यांना गोळी घालण्यापूर्वी त्यांचे नाल काढून घेत आणि अयाळ-शेपटीचे केस कापत, कारण त्यांनाही बाजारात किंमत होती.

९/
येथे एका दंतकथेचा उल्लेख आवश्यक आहे. ‘आपला घोडा परक्याच्या हाती पडू नये म्हणून प्रत्येक ऑस्ट्रेलियन स्वाराने तो स्वतःच मारला’ असे सर्रास सांगितले जाते. काही स्वारांनी तसे केले असेल. पण बहुसंख्य घोड्यांचा शेवट तसा झाला नाही. ते वर्गवारीनुसार विकले, वळते केले किंवा सरकारी आदेशाने मारले गेले. इतिहासात शोकांतिका अनेकदा कारकुनी कागदावरच घडते.

१०/
लाखाहून अधिक ऑस्ट्रेलियन घोडे परदेशी गेले. मायदेशी परतला तो एकच : ‘सँडी’. तो मेजर जनरल ब्रिजेस यांचा घोडा. ब्रिजेस स्वतः १९१५ साली गॅलिपोलीच्या मोहिमेत जखमी होऊन मरण पावले होते.

११/
युरोपातही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. बेल्जियम आणि फ्रान्समध्ये घोडे शेतकऱ्यांना आणि खाटकांना विकले जात होते. १९१९ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी घोडे परत आणण्याच्या दिरंगाईबद्दल अधिकाऱ्यांना फैलावर घेतले, त्यानंतर परतीच्या वाहतुकीला वेग आला. इजिप्तमधील घोड्यांच्या बाजूने असे कोणी बोलले नाही. तेथे ब्रिटिश फौजेचे हजारो घोडे बाजारात विकले गेले.

१२/
विक्रीच्या पावतीवर सही झाली की मालकी संपते. मालकी संपली की जबाबदारीही संपते, असे त्या काळच्या सरकारने गृहीत धरले. डोरोथी ब्रुक यांना १९३० मध्ये रस्त्यावर दिसला तो याच गृहीतकाचा परिणाम.

१३/
एप्रिल १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकाला पत्र लिहिले. युद्धात लढलेले घोडे अजून कैरोत हालअपेष्टा सोसत आहेत, त्यांना विकत घेऊन मुक्त करण्यासाठी मदत करावी, असे आवाहन त्यात होते. वाचकांनी भरघोस पैसे पाठवले. कित्येकांच्या घरातले कोणी ना कोणी त्या युद्धात होते. काहींनी स्वतःचे घोडे सैन्याला दिलेले होते.

१४/
त्यानंतर सुरू झाली ती खरेदी. मालक आपले जनावर घेऊन येत, समितीपुढे तपासणी होई, किंमत ठरे. तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे त्यांनी विकत घेतले. ज्या घोड्यांना एके काळी सरकारने विकून पैसे मिळवले, तेच घोडे आता सामान्य नागरिक वर्गणी काढून परत विकत घेत होते.

१५/
आता या कथेतील सर्वांत अवघड भाग. या घोड्यांपैकी बहुतेकांना नवे घर मिळाले नाही. ते इतके म्हातारे आणि जर्जर झाले होते की बरे होण्याची आशा नव्हती. त्यांना सावलीच्या तबेल्यात ठेवत, पायाखाली मऊ अंथरूण पसरत, पोटभर वैरण आणि पाणी देत. काही दिवसांच्या विश्रांतीनंतर त्यांना वेदनारहित मरण दिले जाई.

१६/
मारण्यासाठीच विकत घ्यायचे, याला सुटका म्हणावे काय? हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. घोडा उभ्यानेच बराच काळ विसावतो, त्यामुळे पाय निकामी झालेल्या घोड्याला प्रत्येक तास जड जातो. अशा जनावराला केवळ आपल्या समाधानासाठी जिवंत ठेवणे ब्रुक यांना मान्य नव्हते. उरलेल्या आयुष्याची लांबी वाढवता येत नसेल, तर शेवटचे दिवस तरी बरे जावेत, ही त्यांची भूमिका होती.

१७/
दुसरा प्रश्न मालकांचा. कैरोचा गाडीवान क्रूर होता म्हणून घोडा झिजला, असे मानणे सोपे होते. पण तो गाडीवान स्वतःच हातावर पोट असलेला माणूस होता. घोडा एक दिवस थांबला तर घरची चूल थांबे. शिवाय हे घोडे त्याला विकणारे कोण होते? जनावराच्या हालांची सुरुवात त्याच्या गाडीपाशी झाली नव्हती. ती लष्करी लिलावातच झाली होती.

१८/
हे उमगल्यावर कामाची दिशा बदलली. १९३४ मध्ये कैरोत ‘ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल’ सुरू झाले. युद्धातले घोडे काळाच्या ओघात संपणारच होते. पण गरिबांची कष्टकरी जनावरे रोज नव्याने आजारी पडत होती. त्यांच्यासाठी मोफत उपचार हा या रुग्णालयाचा पाया ठरला. १९५५ मध्ये कैरोतच ब्रुक यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्था आज भारतासह अनेक देशांत घोडे, गाढवे आणि खेचरे यांच्यासाठी काम करते.

१९/
ज्या घोड्यांमध्ये अजून जीव होता, त्यांच्यासाठीची वाट इंग्लंडमध्ये आधीच आखली जात होती. १८७७ मध्ये ॲना सूएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लंडनच्या भाडोत्री गाडीच्या घोड्याचे जिणे तिने घराघरांत पोहोचवले. तिच्या प्रभावातून ॲन लिंडो यांनी १८८६ मध्ये ‘होम ऑफ रेस्ट फॉर हॉर्सेस’ काढले. गाडीवानाचा थकलेला घोडा तेथे विश्रांती घेई आणि तोवर त्याला दुसरा घोडा वापरायला मिळे. जनावर वाचवताना माणसाची रोजी बुडू नये, हा विचार तेथे सुरुवातीपासून होता.

२०/
ॲडा कोल यांची कथाही याच धाग्यातली. १९११ मध्ये अँटवर्पच्या धक्क्यावर त्यांनी ब्रिटनमधून कत्तलीसाठी आलेले म्हातारे घोडे उतरताना पाहिले. १९२७ मध्ये त्यांनी या निर्यातीविरुद्ध संघटना उभारली. तीच आज ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’ म्हणून ओळखली जाते. कायद्यासाठी लढता लढता अशा संस्था पुढे घोडे स्वतःच्या कुरणांवर सांभाळू लागल्या. मग नवी अडचण आली : कुरण भरले की पुढच्या घोड्याला जागा कोठून आणायची?

२१/
उत्तर होते बरा झालेला घोडा चांगल्या घरी देणे. पण ‘देणे’ म्हणजे काय, याचा येथे बारकाईने विचार झाला. आज ब्रिटनमधील अनेक संस्थांच्या पद्धतीत घोडा विकला जात नाही. करार होतो. घोडा नव्या माणसाकडे राहतो, दाणा-वैरण, नाल, वैद्य यांचा खर्च तो माणूस करतो. मालकी मात्र संस्थेकडेच राहते.

२२/
घोडा देण्याआधी संस्थेचा माणूस जागा पाहून येतो : कुरण पुरेसे आहे का, कुंपण धड आहे का, पाणी आणि आडोसा आहे का, सोबतीला दुसरा घोडा आहे का. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे; एकटेपणा त्याला मानवत नाही. म्हणूनच स्वारीला अयोग्य ठरलेले घोडेही निव्वळ सोबतीसाठी दिले जातात.

२३/
घोडा गेल्यावरही भेटी चालू राहतात. करारानुसार तो परस्पर विकता येत नाही, त्याच्यापासून पैदास करता येत नाही. परिस्थिती पालटली, नोकरी गेली, आजारपण आले, तर घोडा लाजेकाजेने कोणाच्या तरी गळ्यात मारावा लागत नाही. तो संस्थेकडे परत जातो.

२४/
मराठी वाचकाला ही व्यवस्था समजायला अवघड नाही. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. बारगीर मात्र सरकारी पागेच्या घोड्यावर बसे. जनावर त्याच्या हाती, पण मालकी आणि हिशेब पागेचा. आजच्या करारातला पालक हा एका अर्थाने बारगीरच. फरक इतकाच की पागा येथे घोड्याकडून चाकरी मागत नाही.

२५/
मुंबईलाही हा प्रश्न नवा नाही. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय १८८० च्या दशकातले. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी त्याचे नाव ‘बैलघोडा हॉस्पिटल’. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरीसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोड्यांबरोबरच त्यांच्यावर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचाही विचार करण्यास सांगितले. कैरोचा धडा येथेही लागू पडतो : गाडीवानाचे काय, हे न ठरवता घोडा सुटत नाही.

२६/
१९१९ चा लष्करी लिलाव आणि आजचा संगोपनाचा करार यांत घोडा दोन्हीकडे हातातून जातोच. लिलावात तो जाताना कोणी मागे वळून पाहत नाही. करारात ‘तो परत आला तर त्याला जागा आहे’ हे आधीच लिहिलेले असते. कैरोच्या त्या पाच हजार घोड्यांपैकी बहुतेकांना हे एक वाक्य मिळाले नाही. बारा वर्षे उशिरा त्यांना मिळाली ती सावली, मऊ अंथरूण आणि पोटभर वैरण.

(समाप्त)