वापरलेल्या सागरी मत्स्यटाकीची नळजोडणी

मोठ्या सागरी मत्स्यटाकीतले पाणी खालच्या टाकीत उतरवून, तेथे ते गाळून व त्याचे तापमान राखून पुन्हा वर चढवणारी नळ, व्हॉल्व्ह व पंप यांची रचना. खालच्या टाकीला संप, पाणी उतरवणाऱ्या नळाला ड्रेन आणि चढवणाऱ्या नळाला रिटर्न म्हणतात. नव्या टाकीत नळांचा आराखडा आधी ठरतो आणि भोके नंतर पडतात. वापरलेल्या टाकीत भोके आधीच असतात, त्यामुळे आराखडा त्यांच्याभोवती बसवावा लागतो.

तपासणी : टाकीत पूर्वी माशांवर तांब्याचे औषध वापरले होते का, हे विकणाऱ्याला विचारणे आवश्यक असते. जुन्या खडकांत व वाळूत मुरलेले तांबे हळूहळू पाण्यात उतरते आणि कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना मारक ठरते. काचेवर व पंपात बसलेला चुनखडीचा थर व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या पाण्याने निघतो. आतून 180 × 60 × 60 सेंमी. असलेल्या टाकीत काठोकाठ 648 लि. पाणी मावते. समुद्राच्या पाण्याचे वि. गु. सु. 1·025 असल्याने एकट्या पाण्याचेच वजन सु. 664 किग्रॅ. भरते, म्हणून स्टँड व जमीन यांची ताकद आधी पाहतात. नवे भोक पाडायचे असल्यास काच टफन्ड नाही याची खात्री करावी लागते, कारण टफन्ड काचेचा भोक पाडताना चुरा होतो. काचेमागे लॅपटॉपचा पांढरा पडदा ठेवून पोलराइज्ड चष्म्यातून पाहिल्यास टफन्ड काचेत गडद पट्टे वा ठिपके दिसतात.

भोके व फिटिंग : भोकात टँक निपल बसवतात. जुने रबरी वॉशर कडक झालेले असल्याने ते बदलणे श्रेयस्कर. वॉशर निपलच्या कॉलरच्या बाजूला, म्हणजे सहसा पाण्याच्या बाजूला बसतो. नट हाताने आवळून वर फार तर पाव फेरा देतात. पान्याचा जोर लावल्यास काच तडकते. नळ यूपीव्हीसीचे असतात. नळसामानाच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक फिटिंगच्या आट्यांत पितळी भाग असतो. पितळेत तांबे असल्याने अशी फिटिंग येथे चालत नाहीत; जस्ताचा मुलामा दिलेले जीआयचे नळही वर्ज्य. जुन्या निपलचे माप ताडून पाहावे लागते : एक इंची शेड्यूल नळाचा बाह्य व्यास 33·4 मिमी. असतो, तर मेट्रिक नळाचा 32 मिमी. हे दोन एकमेकांत घट्ट बसत नाहीत आणि सॉल्व्हंट सिमेंट ती फट भरून काढत नाही.

ड्रेन : काठाजवळच्या दातेरी कप्प्यावरून पाणी सांडते आणि त्याबरोबर पृष्ठभागावरचा तेलकट थरही निघून जातो. एक इंची ड्रेनमधून गुरुत्वाने ताशी सु. 2,200 लि. पाणी उतरते, असा ढोबळ अंदाज धरतात. उघड्या नळात पाण्याबरोबर हवा ओढली जाऊन गुरगुर होते. ड्यूर्सो पद्धतीत नळाच्या टोकाला खाली वळलेला एल्बो व वर हवेचे छिद्र ठेवून हा आवाज कमी करतात. हर्बी पद्धतीत एक नळ पूर्ण भरून वाहतो, त्याचा प्रवाह गेट व्हॉल्व्हने जुळवतात आणि दुसरा नळ तो तुंबल्यास उपयोगी पडावा म्हणून कोरडा ठेवतात. बीन ॲनिमल पद्धतीत तीन नळ लागतात. तयार टाक्यांच्या कप्प्यात बहुधा ड्रेनचे एक व रिटर्नचे एक अशी दोनच भोके असतात. अशा वेळी रिटर्न काठावरून आत घेऊन दोन्ही भोके ड्रेनसाठी वापरता येतात.

रिटर्न व वीजखंड : या नळजोडणीची खरी कसोटी वीज गेल्यावर लागते. पंप थांबताच रिटर्न नळ उलटा वाहू लागतो आणि त्याचे तोंड उघडे पडेपर्यंत टाकी रिकामी करतो. वरच्या टाकीत पातळी 5 सेंमी. उतरली, तर 54 लि. पाणी खाली येते. 120 × 45 सेंमी.च्या संपमध्ये ते 10 सेंमी. चढते. त्याखेरीज नळांतले पाणीही उतरते. तेवढी जागा संपमध्ये कायम मोकळी ठेवावी लागते. रिटर्नचे तोंड पृष्ठभागालगत ठेवून वर हवेचे छिद्र पाडल्यास उलटा प्रवाह लवकर तुटतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबणे धोक्याचे असते, कारण गोगलगाय किंवा चुन्याचा कण अडकल्यास तो पूर्ण मिटत नाही. पंपाची क्षमता निवडताना चढावाची उंची व एल्बोंमुळे होणारी घट वजा करतात.

चाचणी व देखभाल : सिमेंट वाळल्यावर गोड्या पाण्याने काही दिवस चाचणी घेतात आणि पंप अनेकदा बंद-चालू करून संपची पातळी पाहतात. पंपाच्या दोन्ही बाजूंना व प्रत्येक ड्रेनला युनियन दिल्यास नळ न कापता ते उघडून साफ करता येतात. विजेच्या तारांना प्लगखाली झोळ ठेवतात, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोहोचत नाही; सर्किटला आरसीसीबी आवश्यक असतो.