पंखांच्या बोटीची जुनी गोष्ट आणि आपली जेट्टी

परवा मांडव्याहून गेटवेला येताना शेजारच्या काकांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. स्टॉकहोमची बोट. अंग पाण्याच्या वर उचललेलं, धूर नाही, मागे लाटही जवळपास नाही. "हे आपल्याकडे कधी येणार हो, पत्रकार?" डिझेलच्या वासात बसून काय उत्तर देणार! घरी येऊन वाचत बसलो. पोस्ट जरा लांबलीय, सांभाळून घ्या.

कल्पना अजिबात नवी नाही. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनींनी १९०६ साली माज्जोरे सरोवरात अशी बोट चालवली होती. टेलिफोनवाले ग्रॅहम बेलही याच नादाला लागले. १९१९ मध्ये कॅनडात त्यांच्या एचडी-४ बोटीने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. तत्त्व सोपं आहे. बोटीखाली पंख लावायचे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट, त्यामुळे विमानापेक्षा कितीतरी लहान पंख पुरतात. वेग आला की बोट वर येते आणि पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो.

खरी गोम आहे ती तोल सांभाळण्यात. बेल यांच्या बोटीचे पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे होते. बोट जास्त वर आली की वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर, उचल कमी, बोट आपोआप खाली. पुढे इंग्रजी व्ही अक्षरासारखे पंख आले. बोट कलली की त्या बाजूचा पंख जास्त बुडतो आणि तीच बाजू वर ढकलतो. म्हणजे आकारच सुकाणूवाला! सोव्हिएत रशियात अलेक्सेयेव यांची 'राकेता' १९५७ मध्ये व्होल्गा नदीवर आली, तिचे पंख पाण्याच्या पृष्ठभागालगतच राहत. तशा शेकडो बोटी बनल्या. पण त्या नदीच्या, शांत पाण्याच्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर बऱ्याच बोटी किनाऱ्याला लागल्या. इंधन आणि देखभाल परवडेना.

लाटांत चालायचं तर पंख पूर्ण पाण्याखाली हवेत. तिथे लाटांचा त्रास कमी, अडथळाही कमी. पण अशी बोट स्वतःहून तोल धरत नाही, सायकलसारखी सतत सावरावी लागते. बोइंगने १९७० च्या दशकात जेटफॉइलमध्ये हे काम यंत्रणेकडे दिलं. सेन्सर उंची मोजणार, संगणक पंखांच्या झडपा हलवणार. हाँगकाँग-मकाव मार्गावर त्या बोटी वर्षानुवर्षं धावल्या. फक्त इंजिन गॅस टर्बाइनचं, इंधन पिणारं.

आता बॅटरीकडे या. एक किलो डिझेलमध्ये जेवढी ऊर्जा, तेवढी बॅटरीत साठवायची तर वजन कितीतरी पट. साध्या बोटीत एवढं ओझं घेऊन वेगात फार लांब जाता येत नाही. म्हणून विजेच्या बोटीला हे जुने पंख पुन्हा हवेसे झाले. स्वीडनच्या कँडेला कंपनीची पी-१२ कार्बन फायबरची आहे. ३० प्रवासी, वेग २५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर. संगणक सेकंदाला सुमारे १०० वेळा पंख सावरतो. २०२४ च्या शरदात ती एकेरो-स्टॉकहोम मार्गावर धावू लागली. लाट उठत नाही म्हणून शहराच्या पाण्यातली वेगमर्यादाही तिला शिथिल करून दिली.

मग काका, आपल्याकडे? मला विचाराल तर बोट विकत घेणं हा सोपा भाग. ओहोटीला गाळात अडकलेल्या लाँचच्या बातम्या मी स्वतः दिल्या आहेत, आणि पंखांना तर जास्त खोली लागते. काही बोटींत ते वर उचलता येतात, पण मग ती साधी बोट झाली, बॅटरीही भराभर उतरणार. बंदरात तरंगणारी जाळी नि प्लास्टिक पंखात अडकलं तर? जेट्टीवर चार्जरला पुरेल एवढी वीज आहे का? भर पावसात सेन्सर बिघडला तर दुरुस्तीला माणूस अलिबागचा येणार की स्टॉकहोमचा?

उद्या कुणी मंत्री उडत्या बोटीची घोषणा करतील तेव्हा फोटो मीही काढीन. पण पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न गाळ कोण, कधी आणि किती काढणार हाच विचारणार आहे. काकांना तसं सांगितलंय.