सूक्ष्मप्रक्रियक

सूक्ष्मप्रक्रियक : स्मृतीतील आज्ञा क्रमाने वाचून त्यांप्रमाणे अंकगणितीय व तार्किक क्रिया करणारा आणि इतर भागांचे नियंत्रण करणारा संगणकाचा मध्यवर्ती भाग सिलिकॉनच्या एकाच लहान तुकड्यावर तयार केलेला असेल, तर त्यास सूक्ष्मप्रक्रियक म्हणतात. व्यवहारात तो मायक्रोप्रोसेसर किंवा नुसता प्रोसेसर या नावाने, तर सिलिकॉनचा तो तुकडा ‘चिप’ या नावाने परिचित आहे. १९७१ मध्ये तो विक्रीस आला तेव्हा सर्वोपयोगिता हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होते. प्रत्येक कामासाठी वेगळे विद्युत् मंडल न बनविता एकच मंडल बनवावे आणि काम बदलेल तशी आज्ञावली बदलावी, ही ती कल्पना होय. या कल्पनेने पुढील अर्धशतकात जवळजवळ प्रत्येक उद्योगात प्रवेश केला. परंतु २००५ च्या सुमारास उष्णतेची मर्यादा तिला आडवी आली आणि अभिकल्पकांना (आराखडे तयार करणाऱ्यांना) विशिष्ट कामासाठी विशिष्ट मंडल या जुन्या मार्गाकडे पुन्हा वळावे लागले. सूक्ष्मप्रक्रियकाचा इतिहास बव्हंशी या दोन टोकांमधील येरझारांचा आहे.

उगम : सूक्ष्मप्रक्रियकाचा जन्म संगणकासाठी झाला नाही, तर टेबलावरील गणकयंत्रासाठी झाला. १९६९ मध्ये बिझिकॉम या जपानी कंपनीने आपल्या गणकयंत्रांसाठी लागणारा चिपांचा संच बनवून देण्याचे काम, वर्षभरापूर्वीच स्थापन झालेल्या इंटेल या अमेरिकन कंपनीकडे सोपविले. जपानी अभियंत्यांच्या मूळ आराखड्यात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या, बऱ्याच गुंतागुंतीच्या चिपा होत्या. इतक्या चिपांचे अभिकल्प करण्याएवढे मनुष्यबळ इंटेलजवळ नव्हते. तेव्हा टेड हॉफ यांनी, एका लहानशा संगणकाची रचना करून गणकयंत्राची सर्व कार्ये आज्ञावलीद्वारे करून घ्यावीत, असे सुचविले. या सूचनेच्या तपशिलात स्टॅन्ली मेझर यांचा वाटा होता. १९७० मध्ये कंपनीत आलेले फेडेरिको फॅजिन यांनी ती प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरविली व त्यांना बिझिकॉमचे अभियंते मासातोशी शिमा यांचे साहाय्य झाले. अशा रीतीने तयार झालेली ४००४ ही चिप नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहीर झाली. तीत सु. २,३०० ट्रँझिस्टर होते आणि ती एका वेळी ४ अंकी द्विमान संख्येवर क्रिया करीत असे. ही चिप इतरांना विकण्याचा हक्क मूळ करारानुसार इंटेलला नव्हता. किंमत कमी करून देण्याच्या बदल्यात तो बिझिकॉमकडून परत मिळविण्यात आला. औद्योगिक इतिहासात इतक्या स्वस्तात सुटलेले हक्क फार थोडे असतील.

अग्रक्रमाविषयी मात्र मतभेद आहेत. अमेरिकन नौदलाच्या एफ-१४ या विमानातील उड्डाणविषयक गणना करणारा चिपसंच १९७० मध्येच पूर्ण झाला होता, पण गुप्ततेमुळे त्याची माहिती १९९८ पर्यंत बाहेर आली नाही. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतही त्याच काळात गॅरी बून हे एकाच चिपवरील संगणकावर काम करीत होते. मंडले संकलित करण्याची कला त्या टप्प्यावर पोहोचली होती आणि अनेक ठिकाणी एकच विचार सुचणे स्वाभाविक होते, असे म्हणणेच अधिक न्याय्य ठरेल.

यानंतरची प्रगती वेगाने झाली. इंटेलची ८०८० व मोटोरोलाची ६८०० (१९७४), अत्यल्प किंमतीमुळे गाजलेली ६५०२ (१९७५) व झायलॉगची झेड-८० (१९७६) या ८ अंकी चिपांमधून घरगुती संगणक निर्माण झाले. १९७८ मधील ८०८६ या चिपमध्ये सु. २९,००० ट्रँझिस्टर होते. तिच्याच वर्गातील ८०८८ ही चिप आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणकासाठी निवडली.

मोटार उद्योग : सूक्ष्मप्रक्रियकाचे खरे सामर्थ्य संगणकापेक्षा यंत्रांच्या नियंत्रणात आधी दिसून आले व त्याला कारण झाला एक कायदा. मोटारींच्या निष्कास वायूंवर कडक मर्यादा घालणारा कायदा अमेरिकेत १९७० मध्ये झाला आणि १९७३ च्या तेलटंचाईने इंधनबचतीचीही निकड भासू लागली. पेट्रोल एंजिनात ठिणगी केव्हा पडावी, हे तोपर्यंत फिरणारी वजने, स्प्रिंगा व निर्वातावर चालणारे पडदे यांच्या साहाय्याने ठरविले जाई. ही साधने झिजत व त्यांचे प्रमाण बदलत असे. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे या तिन्हींचा एकाच वेळी निरास करणारा उत्प्रेरकी परिवर्तक हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ असेल तरच नीट काम करतो. निष्कास वायूतील ऑक्सिजन संवेदकाने सतत मोजून त्याप्रमाणे इंधनाचे प्रमाण सुधारत राहणे हे काम वजने व पडदे यांच्या आवाक्याबाहेरचे होते. जनरल मोटर्स कंपनीने १९७७ मध्ये आपल्या एका गाडीत ठिणगीची वेळ ठरविण्यासाठी सूक्ष्मप्रक्रियक वापरला. जर्मनीत बॉश कंपनीच्या मोट्रॉनिक या प्रणालीत १९७९ पासून ठिणगी व इंधन या दोहोंचे नियंत्रण एकाच प्रक्रियकाकडे आले.

अशा कामासाठी प्रक्रियकाबरोबर थोडी स्मृती, कालमापक व बाह्य जोडण्या एकाच चिपवर असणे सोयीचे असते. अशा चिपला सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. १९८० मधील ८०५१ हा सूक्ष्मनियंत्रक विशेष प्रसिद्ध आहे. त्यात अवघी ४ किलोबाइट कायम स्मृती व १२८ बाइट तात्पुरती स्मृती होती, तरीही त्याच्या वंशातील चिपा अनेक दशके वापरात राहिल्या व भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विद्यार्थी त्याच्यावरच हात बसवीत आले. वीजमापक, धुलाईयंत्र, रक्तदाबमापक अशा उपकरणांत सूक्ष्मनियंत्रक असतो, पण तो वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. भारतात हा बदल सर्वसामान्यांना जाणवला तो १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा-६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर. पुणे व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील कारखान्यांत तयार होणाऱ्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर हद्दपार होऊन इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपण आले. स्क्रू फिरवून, कानाने आवाज ऐकून मिश्रण जुळविणाऱ्या गॅरेजमधील मिस्त्रीचे कौशल्य त्यामुळे अपुरे पडू लागले. दोष शोधण्यासाठी गाडीला जोडण्याचा स्कॅनर त्याला विकत घ्यावा लागला.

साधेपणाकडे वळण : १९७० नंतरच्या दशकात प्रक्रियकांच्या आज्ञा अधिकाधिक गुंतागुंतीच्या होत गेल्या. आज्ञावल्यांचे निरीक्षण केल्यावर मात्र, त्यांतील थोड्याच साध्या आज्ञा वारंवार वापरल्या जातात, असे आढळले. आयबीएममध्ये जॉन कॉक, बर्कली येथे डेव्हिड पॅटरसन व स्टॅनफर्ड येथे जॉन हेनेसी यांनी थोड्या, साध्या व जलद आज्ञांच्या प्रक्रियकांचा पुरस्कार केला. याच विचाराने इंग्लंडमधील ॲकॉर्न या लहान कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी अभिकल्पित केलेली पहिली एआरएम चिप एप्रिल १९८५ मध्ये तयार होऊन आली. तीत सु. २५,००० ट्रँझिस्टर होते. स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसावी म्हणून तिचा वीजवापर कमी राखण्याची खबरदारी घेतलेली होती. तिचा विद्युत् प्रवाह मोजू लागल्यावर मापक शून्य दाखवू लागला. शोधाअंती असे आढळले की, चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता आणि इतर जोडण्यांतून झिरपणाऱ्या प्रवाहावरच ती काम करीत होती, अशी हकिकत फर्बर यांनी सांगितली आहे. १९९० मध्ये स्वतंत्र झालेल्या एआरएम कंपनीने चिपा न विकता अभिकल्प वापरण्याचे परवाने विकले. पुढे भ्रमणध्वनी आले तेव्हा काटकसरीचा हा गुण निर्णायक ठरला.

टेबलावरील संगणकांत मात्र वेगालाच प्राधान्य होते. १९९३ मधील पेंटियम चिपमध्ये ३१ लाख ट्रँझिस्टर होते. तिच्या विकासात पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांचा प्रमुख वाटा होता. १९९४ मध्ये तिच्या भागाकार मंडलात दोष उघडकीस आला. कोष्टकातील काही नोंदी गळाल्याने क्वचित प्रसंगी उत्तर किंचित चुके. चिपा बदलून देण्यापोटी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. आज्ञावलीतील चूक दुरुस्त करता येते, सिलिकॉनमधील करता येत नाही, हे यावरून दिसून आले व अभिकल्पाच्या गणिती पडताळणीचे महत्त्व वाढले.

उष्णतेची मर्यादा : चिपवरील घटकांची संख्या ठराविक काळाने दुप्पट होते, हे गॉर्डन मूर यांचे १९६५ मधील (१९७५ मध्ये सुधारलेले) भाकीत सुपरिचित आहे. त्याच्या जोडीला असलेला रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांचा १९७४ मधील सिद्धांत मात्र तितकासा परिचित नाही. मंडलाचा वीजवापर हा विद्युत् धारणा, विद्युत् दाबाचा वर्ग व कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. ट्रँझिस्टरची लांबी, रुंदी व त्यावरील दाब एकाच प्रमाणात कमी केल्यास तेवढ्याच क्षेत्रफळात अधिक ट्रँझिस्टर अधिक वेगाने चालूनही दर चौ. सेंमी.मागे निर्माण होणारी उष्णता तीच राहते, असे डेनार्ड यांनी दाखविले. तीस वर्षे हा नियम जणू फुकटात मिळालेल्या देणगीसारखा उपयोगी पडला. परंतु दाब फार कमी केल्यावर ट्रँझिस्टर पूर्णपणे बंद होत नाही व त्यातून प्रवाहाची गळती होत राहते; म्हणून दाब आणखी उतरविणे अशक्य झाले. २००४ पर्यंत पेंटियम-४ वर्गातील चिपांचा वीजवापर १०० वॉटच्या पुढे गेला. त्याच वर्षी इंटेलने त्या मालिकेतील पुढचा प्रक्रियक आणि ४ गिगॅहर्ट्‌झची नियोजित चिप या दोन्ही योजना सोडून दिल्या.

वेग वाढविता येत नाही, तर एका चिपवर अनेक प्रक्रियक ठेवावेत, हा पहिला उपाय होता. आयबीएमने २००१ मध्ये व इतरांनी २००५ पासून तो अंगीकारला. समांतर कार्याची ही कल्पना नवी नव्हती. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅकने) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पूर्ण केलेला परम ८००० हा महासंगणक, परस्परांशी जोडता येतील असे ट्रान्सप्यूटर नावाचे ब्रिटिश प्रक्रियक मोठ्या संख्येने वापरूनच उभारला होता. तथापि कामाचा जो भाग विभागता येत नाही तो एकूण वेगावर मर्यादा घालतो, हे जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच दाखविले होते. त्यामुळे प्रक्रियकांची संख्या वाढविण्याचा लाभ लवकरच ओसरू लागला.

विशिष्ट कामाचे प्रक्रियक : सर्वोपयोगी प्रक्रियकात एका बेरजेसाठी खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी प्रत्यक्ष बेरजेचा वाटा अगदी अल्प असतो, बाकीची ऊर्जा आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे व आकडे हलविणे यांत जाते. चिपबाहेरील स्मृतीतून एक संख्या आणण्यास ती मिळविण्याच्या हजारो पट ऊर्जा लागते. म्हणून काम ठाऊक असेल तर केवळ त्यासाठीच मंडल रचणे फायद्याचे ठरते. कानामागील श्रवणयंत्राच्या निर्मात्यांना हे आधीच उमगले होते. वाटाण्याएवढ्या विद्युत् घटावर दिवसेंदिवस चालणारी अंकीय श्रवणयंत्रे १९९६ च्या सुमारास बाजारात आली, ती ध्वनिसंस्करणासाठीच घडविलेल्या चिपांमुळे. पडद्यावरील खेळांची चित्रे रंगविण्यासाठी बनविलेल्या चित्रप्रक्रियकांचा उपयोग २००७ पासून सर्वसाधारण गणनासाठी करता येऊ लागला. २०१२ मध्ये टोराँटो विद्यापीठातील संशोधकांनी अशा दोन चित्रपत्रिकांवर (ग्राफिक्स कार्डांवर) शिकविलेल्या कृत्रिम तंत्रिका जालाने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत मोठ्या फरकाने बाजी मारली.

गूगल कंपनीने २०१३ मध्ये हिशोब केला की, ग्राहक दिवसातून केवळ तीन मिनिटे बोलून शोध घेऊ लागले, तर आपली संगणक केंद्रे दुप्पट करावी लागतील. यातून निघालेली चिप २०१५ पासून वापरात आली. तीत २५६ ओळी व २५६ स्तंभ यांत मांडलेले ६५,५३६ गुणक असून आकडे एका गुणकातून शेजारच्या गुणकात सरकत जातात, त्यामुळे स्मृतीकडे वारंवार जावे लागत नाही. हृदयाच्या स्पंदनाप्रमाणे आकडे पुढे ढकलणारी ही रचना एच. टी. कुंग व चार्ल्स लायझरसन यांनी १९७८ मध्येच सुचविली होती. तिला साजेसे काम मिळण्यास जवळजवळ चार दशके जावी लागली. ॲपलच्या २०२० मधील एम-१ या चिपवर सु. १,६०० कोटी ट्रँझिस्टर आहेत व त्यांतील बराच भाग चित्र, ध्वनी, तंत्रिका जाल इत्यादींच्या स्वतंत्र मंडलांनी व्यापला आहे.

निर्मिती : अभिकल्प करणारे वाढले, तरी अतिसूक्ष्म चिपा बनविणारे कमी होत गेले. या चिपांवरील नक्षी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार (जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाने उमटवितात. त्यासाठी कथिलाच्या द्रवरूप थेंबांवर दर सेकंदास सु. ५०,००० वेळा लेसर झोत सोडले जातात. ही यंत्रे नेदर्लंड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनविते आणि त्यांच्या साहाय्याने होणारे उत्पादन मुख्यतः तैवान व दक्षिण कोरिया येथे एकवटले आहे. (५ नॅनोमीटर वगैरे आकडे आता पिढीची नावे उरली आहेत, ट्रँझिस्टरचा कोणताही भाग तेवढ्या मापाचा असतोच असे नाही.) मोठी चिप निर्दोष निघणे अवघड असल्याने २०१७ पासून एएमडीने आपल्या मोठ्या प्रक्रियकांचे लहान तुकडे वेगळे बनवून जोडण्याची पद्धत रूढ केली. २०२१ च्या टंचाईत जगभरचे मोटार कारखाने थांबले, ते मात्र या अत्याधुनिक चिपांसाठी नव्हे, तर बहुतांशी जुन्या तंत्राच्या स्वस्त सूक्ष्मनियंत्रकांसाठी. नव्या कारखान्यांवर सारे लक्ष असताना जुन्यांत भांडवल घालण्यास कोणी उत्सुक नव्हते.

भारताजवळ अभिकल्पक पुष्कळ, पण कारखाने नाहीत, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. मोहाली येथील सरकारी चिप कारखाना १९८९ मध्ये आगीत भस्मसात झाला व तो पुन्हा उभा राहीपर्यंत जगाने बरीच मजल मारली होती. कोणासही परवानाशुल्काशिवाय वापरता येईल असा रिस्क-५ हा आज्ञासंच बर्कली येथे २०१० मध्ये तयार झाल्यावर त्याच्या आधारे मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने ‘शक्ती’ व सी-डॅकने ‘वेगा’ ही प्रक्रियककुले विकसित केली. शक्तीची एक चिप २०१८ मध्ये मोहाली येथे १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. अग्निबाणांसाठी अभिकल्पित केलेला ‘विक्रम ३२०१’ हा ३२ अंकी प्रक्रियकही तेथेच बनविण्यात आला व सप्टेंबर २०२५ मध्ये सादर झाला. हे तंत्र जगाच्या मानाने दोन दशकांहून अधिक जुने असले, तरी अग्निबाणातील प्रक्रियकाला वेगापेक्षा कंपने, तापमानातील टोकाचे बदल व प्रारण यांना तोंड देणे अधिक आवश्यक असते आणि त्यासाठी मोठ्या आकाराचे ट्रँझिस्टर गैरसोयीचे ठरत नाहीत.