पोस्टाच्या कुपनातून आलेली विद्या

रील, व्हिडिओ, पॉडकास्ट करणारी मुलंमुली मार्केटिंग शिकायला पुस्तकांकडे वळतात, तेव्हा दोन निराळ्या घराण्यांची पुस्तकं एकाच फळीवर येऊन बसतात. एक घराणं विद्यापीठाचं. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन असे चार ‘पी’ मांडले, १९६७ साली फिलिप कोटलर यांचं ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ आलं, आणि एमबीएचे वर्ग आजही त्या वळणाने चालतात. कारखाना, वितरक, विक्रेत्यांची फौज आणि जाहिरातीचा पैसा हाताशी असलेल्या व्यवस्थापकासाठी ही पुस्तकं लिहिलेली आहेत. खोलीच्या कोपऱ्यात दिवा लावून एकटीने व्हिडिओ करणाऱ्या मुलीला त्यातलं थोडंच लागू पडतं. तिचे पूर्वज दुसऱ्या घराण्यात सापडतात, आणि ते घराणं पोस्टाने वाढवलं.

शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये एका कागदावर मालाची यादी छापून ती शेतकऱ्यांकडे धाडली. दुकान नाही, ओळखदेख नाही, समोरासमोर घासाघीस नाही; पटवायचं ते कागदानेच. १८९६ पासून अमेरिकेचं टपालखातं खेड्यापाड्यांत घरपोच टपाल देऊ लागलं आणि हा धंदा फोफावला.

या धंद्यात एक गोष्ट आयतीच होती: कोणत्या शब्दांनी माल खपला ते मोजता येई. जाहिरातीच्या खालच्या कोपऱ्यात तुटक रेघांचं कुपन असे. नाव-पत्ता लिहून, कात्रीने कापून, पाकिटात घालून ते पाठवायचं. कुपनावरच्या पत्त्यात एक बारीक खूण दडवलेली असे. एका मासिकात ‘विभाग १२’, दुसऱ्यात ‘विभाग १३’. विभागाचा आकडा गिऱ्हाइकासाठी नव्हताच. टपालाची थैली आली की त्या आकड्यांप्रमाणे गठ्ठे लावायचे आणि मोजायचे. माल तोच, मथळे दोन. कोणता मथळा चालला याचा निवाडा गठ्ठ्यांची उंची करी. यूट्यूबवर आज एकाच व्हिडिओला दोन-तीन थंबनेल लावून कोणतं चालतं ते पाहता येतं. त्या सोयीचा मूळपुरुष म्हणजे हे कुपन.

ही विद्या पुस्तकात बांधली क्लॉड हॉपकिन्स यांनी. शिकागोच्या ‘लॉर्ड अँड थॉमस’ या जाहिरातसंस्थेत नाव कमावल्यावर १९२३ साली त्यांनी ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ लिहिलं. २१ छोटी प्रकरणं. दोन संध्याकाळी वाचून होतील. हे पुस्तक सात वेळा वाचल्याशिवाय कुणी जाहिरातीच्या वाटेला जाऊ नये, असं नामवंत जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वी बजावत. हॉपकिन्स यांचं सांगणं असं, की घोळक्याशी बोलू नका, एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवा. श्लिट्झ बिअरच्या कारखान्यात त्यांना तळं शेजारी असूनही खणलेल्या खोल विहिरी दिसल्या, गाळलेल्या हवेच्या खोल्या दिसल्या, पुन्हा पुन्हा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या दिसल्या. मालक म्हणाले, यात काय सांगायचं, सगळेच असं करतात. पण ते कुणी लोकांना सांगितलं नव्हतं. हॉपकिन्स यांनी सांगितलं, आणि बिअर खपली. आपल्या कामातलं जे आपल्याला रोजचं वाटतं तेच पाहणाऱ्याला नवं असतं, हा धडा छोट्या निर्मात्याला इतका थेट दुसरीकडे क्वचितच मिळेल.

हे घराणं निष्कलंक नाही, हेही सांगायला हवं. हॉपकिन्स यांनी आधी पेटंट औषधांच्या जाहिराती लिहिल्या होत्या, आणि मोजमापाची हीच शिस्त निरुपयोगी बाटल्या खपवायलाही तितकीच कामी आली. गठ्ठे खप सांगतात, खरंखोटं सांगत नाहीत. ही पुस्तकं वाचताना हे भान सुटता कामा नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढची पिढी जॉन केपल्स यांची. पियानोशी बसलेल्या माणसाला हसणारे पाहुणे सूर ऐकून गप्प होतात, ही त्यांची जाहिरात पोस्टाने संगीत शिकवणाऱ्या शाळेसाठी होती. १९३२ साली त्यांनी ‘टेस्टेड ॲडव्हर्टायझिंग मेथड्स’मध्ये मथळ्यांचं शास्त्र मांडलं. १९६६ मध्ये युजीन श्वार्ट्झ यांनी वाचकाच्या जाणिवेच्या पाच पायऱ्या दाखवल्या: ज्याला आपली अडचणच उमगलेली नाही त्याच्याशी बोलायचं वेगळं आणि ज्याला आपला माल ठाऊक आहे त्याच्याशी वेगळं. १९९९ मध्ये सेथ गॉडिन यांनी ‘परमिशन मार्केटिंग’मध्ये हाक मारण्याआधी परवानगी घ्यायला सांगितलं. २००८ साली केव्हिन केली यांनी चाहत्यांचा आकडाच खाली आणला: वर्षाला शंभर डॉलर आनंदाने खर्च करणारे हजार सच्चे चाहते असले की कलावंताचं भागतं.

पण या साऱ्या पुस्तकांत मजकूर हा माल खपवण्याचं साधन आहे. मजकूर हाच माल असणाऱ्याने आणखी एक शाखा पाहावी, आणि ती नांगराच्या कारखान्यांत निघते. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक काढलं. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमिनीला विष चढतं, ही समजूत शेतकऱ्यांच्या मनातून काढायची होती. त्यांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेचं शिक्षण घेतलेले, आणि कारखान्याची जाहिरातही तेच पाहत. १९२० साली किर्लोस्करवाडीहून त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. आधी त्यात कारखान्याची खबरबात असे. हळूहळू लेख, कथा, सामाजिक वाद त्यात शिरले आणि नावातली ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडं निघाली. नांगर कधी विकत न घेतलेली, शेतीशी संबंधही नसलेली शहरातली माणसं तोवर या मासिकांची वर्गणी भरू लागली होती.